चांद रेल्वेत, चांद बाजारात

अमरावतीत राजापेठ चौकातून बडनेरा रोडला लागलं की शिकवण्यांच्या पाट्या सुरू होतात. नवोदय, शिष्यवृत्ती, दहावीचं गणित, नीट. उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की त्यात आणखी एक प्रकार मिसळतो: स्मरणशक्ती वाढवा. सकाळच्या पेपरातून गुळगुळीत कागदाची जाहिरात पडते. तिच्यावर डोळे मिटून बसलेलं एक पोरगं असतं आणि त्याच्या डोक्यातून किरणं निघत असतात. आईबाप ती जाहिरात घडी करून ठेवतात, कारण घरोघरी तक्रार एकच आहे. ‘पोरगं हुशार हाय, समजते त्याले सगळं, पण ध्यानातच नाई राह्यत.’

या वर्गांमध्ये जे शिकवतात त्याचा गाभा खरा आहे आणि फार जुना आहे. ऐकलेली गोष्ट नुसती घोकत बसायची नाही. तिचं मनात चित्र करायचं, ते चित्र ओळखीच्या जागी ठेवायचं. मग मनानेच त्या जागांवरून चालत जायचं आणि ठेवलेलं एकेक उचलून आणायचं. एवढीच ही विद्या. ती मुलांना जरूर शिकवावी आणि ती शिकवायला महागडा वर्ग लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: चित्र मुलाचं स्वतःचं हवं, त्याच्या भाषेतलं आणि त्याच्या गल्लीतलं. तयार चित्रांचा संच हातात दिला, की पाठ करायच्या धड्यांत आणखी एका धड्याची भर पडते.

आमच्या शेजारी चौथीतली एक मुलगी राहते. शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा होती आणि अमरावती जिल्ह्याचे चौदा तालुके पाठ करायचे होते. ती वही घेऊन आली ती रडवेली होऊनच. ‘काका, चौदाच्या चौदा होतच नाईत. दहावर गाडी अटकते.’ वहीत नावं ओळीने लिहिलेली होती आणि प्रत्येक नावासमोर पाच-सहा वेळा खूण केलेली होती. म्हणजे घोकणं प्रामाणिक होतं. चूक तिची नव्हतीच. चौदा नावं एकाच आवाजात, एकाच चालीवर म्हटली की एकमेकांवर घसरतात. त्यात दोन चांदूर, त्यातल्या एकापुढे रेल्वे, आणि दुसरं रेल्वेवालं धामणगाव.

वही मिटायला लावली. म्हटलं, तुमच्या घराच्या फाटकापासून मेन रोडपर्यंत काय काय लागतं ते सांग. तिने डोळे मिटले आणि न अडखळता सांगत गेली: फाटक, तुळस, बाबांची गाडी, घरमालकांची पायरी, बंद पडलेली हापशी, किराणा, पिठाची चक्की, लिंबाचं झाड, रसवंती. चौदा ठिकाणं चुटकीसरशी झाली. हे तिला कुणी पाठ करायला लावलेलं नव्हतं. रोज शाळेत जाता-येता ते पायांनी पाठ केलं होतं.

मग एकेका ठिकाणी एकेक तालुका ठेवायला घेतला. फाटकावर अंबादेवी उभी, ती अमरावती. तुळशीच्या कुंडीत शिजलेला भात सांडलेला, ती भातकुली. बाबांच्या गाडीवर नंदी बसलेला आणि तो मान हलवतोय, ते नांदगाव खंडेश्वर. मोर्शीला मोर मिळाला. वरुडला संत्र्यांचा ढीग, कारण तिचा मामा तिकडचाच आणि बहाराच्या दिवसांत घरी पेटी येते. दर्यापूरला तिने चक्कीतून पीठ येतं तिथून समुद्र काढला. अंजनगाव सुर्जीला किराणावाल्या काकूंच्या डोळ्यांत भलंमोठं काजळ भरलं. चिखलदऱ्याला चिखल, धारणीला हापशीची धार, आणि बंद पडलेल्या हापशीला एकदम पाणी आलेलं पाहून तिला स्वतःलाच हसू फुटलं. अचलपूरपाशी थांबली. अचल म्हणजे जो हलत नाही, एवढं मी सांगितलं. लगेच म्हणाली, ‘आमचे आबाजी! खुर्चीवरून हालतच नाई ते.’ आबाजी खुर्चीसकट लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले.

तिवशाला तिच्याकडे काही सुचेना म्हणून मी तिवई सुचवली. तीन पायांची तिवई, म्हणून तिवसा. तिने मान डोलावली. दोन चांदुरांचं मात्र तिने एकटीने सोडवलं. एक चांद रेल्वेच्या खिडकीत बसला, दुसरा कापडी पिशवी घेऊन बाजारात भाजी घ्यायला गेला. धामणगाव रेल्वेला धामण साप आला, आणि तिने त्याला चांदाच्याच डब्यात बसवलं. चांद वरच्या बर्थवर, धामण खालच्या. ‘म्हंजे रेल्वेवाले दोघं एकाच डब्यात, बाजारवाला बाहेर.’ या वाक्यात सगळा घोळ सुटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चौदाही तालुके सांगितले. उलट सांग म्हटलं तर मेन रोडवरून घराकडे चालत आली आणि तसेही सांगितले. घोकलेली यादी उलटी सांगता येत नाही, वाट मात्र दोन्हीकडून चालता येते. अडली ती एकाच ठिकाणी, तिवशापाशी. माझी तिवई रात्रीतून नाहीशी झाली होती. मग तिने स्वतःच रसवंतीसमोर तीन ऊस उभे केले, ती ऊस, तिवसा, आणि ते ऊस अजून उभे आहेत.

इथे एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायला हवी. चिखलदऱ्याचा चिखलाशी काही संबंध नाही. तिथली लोककथा कीचकाची आहे आणि कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं असं सांगतात. चित्र ही नुसती खुंटी असते, नावाचा अर्थ ते सांगत नाही. खुंटीलाच अर्थ समजून मूल पुढे गेलं तर एक अडचण सुटून दुसरी उभी राहते.

ओळखीच्या जागेवर आठवण ठेवायची ही रीत पाश्चात्त्य पुस्तकांत ग्रीक कवी सिमोनिदीसच्या नावावर आहे. मेजवानी चालू असताना छत कोसळलं, कवी नेमका बाहेर गेलेला होता, आणि कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने ढिगाऱ्याखालची प्रेतं ओळखून दिली, अशी कथा रोमन वक्ता सिसेरोने लिहून ठेवली आहे. वर्गांच्या पुस्तिकांत ती हमखास असते. अमरावतीत बसून एवढ्या लांब जायचं काही कारण नाही. आपल्या जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, ही विद्या सातशे वर्षांपूर्वी नुसती माहीत नव्हती, तिच्यावर महानुभावांचा अख्खा पंथ उभा होता.

पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपुरात स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सन्निध येऊन राहिले. स्वामी आता समोर नाहीत, पण त्यांच्याबरोबर घालवलेले दिवस प्रत्येकाच्या मनात आहेत. महानुभावांच्या आचारात स्मरणाला फार वरचं स्थान आहे, आणि स्मरण म्हणजे नुसता नामजप नव्हे. स्वामींची मूर्ती, म्हणजे त्यांचं रूप, त्यांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, त्यांच्या बारीकसारीक चेष्टा मनासमोर आणायच्या. ते कसे बसले, कुठे वळून पाहिलं, कुणाला काय दिलं, कुठल्या देवळाच्या कुठल्या बाजूला उभे होते. हे मनाने पाहणंच होतं आणि ते रोजचं होतं.

पंथाचे आचार्य नागदेव, म्हणजे भटोबास, हे असं स्मरण करत असत. पंथातल्याच म्हाइंभटांच्या मनात आलं की हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे. नागदेवाचार्यांच्या आठवणी त्यांनी लिहून घेतल्याच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या प्रसंगी जो माणूस हजर होता त्याला गाठून, ज्याची आठवण त्याच्याच तोंडून घेऊन त्यांनी लीळा गोळा केल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम म्हणजे लीळाचरित्र, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला तो पुन्हा माणसांच्या आठवणीतूनच. त्यात हिराइसा या बाईचं नाव आदराने घेतलं जातं. तिच्या स्मरणावर आधारलेला पाठ तिच्याच नावाने ओळखला जातो. लीळाचरित्र वाचताना मधे मधे वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावाने पाठभेद येतात. या प्रसंगात अमकीला असं आठवतं, तमक्याला तसं. विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादित केलेली प्रत १९७८ मध्ये निघाली. ती चाळली तर ही माणसं आठवण जुळवताना किती काटेकोर होती ते कळतं. न पटणारी आठवण त्यांनी खोडून टाकली नाही, शेजारी लिहून ठेवली.

या सगळ्याला आधार कशाचा होता? जागांचा. जवळजवळ प्रत्येक लीळेला एक ठिकाण आहे. गाव, त्या गावातलं देऊळ, देवळाचा चौक, चौकातली दिशा. या ठिकाणांचीच नोंद करणारा ‘स्थानपोथी’ नावाचा वेगळा ग्रंथ महानुभावांनी चौदाव्या शतकात तयार केला. कुठल्या गावी स्वामींचं वास्तव्य कुठे झालं, तिथलं देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला काय आहे, असं त्यात बारकाईने दिलेलं आहे. आजही महानुभाव यात्रेकरू रिद्धपुरात हिंडतात तेव्हा एकेका ओट्यापाशी थांबतात, माथा टेकवतात, आणि तिथे काय घडलं ते आठवतात. ओटा म्हणजे त्या प्रसंगाची जागा. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचं इंग्रजी भाषांतर १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढे महाराष्ट्रातल्या तीर्थांवर व स्थळांवर आयुष्यभराचं काम केलं. जागा आणि आठवण यांची गाठ आपल्याकडे किती घट्ट आहे, ते त्यांची पुस्तकं वाचताना जाणवत राहतं.

लंडन-न्यूयॉर्कची पुस्तकं ज्याला स्मृतीचा राजवाडा म्हणतात, तो वऱ्हाडात ओट्यांच्या रूपाने उघड्यावर उभा आहे. महानुभावांचा हेतू भक्तीचा होता, परीक्षेचा नव्हता, हे विसरू नये. पण एवढा मोठा ग्रंथ हरवून पुन्हा उभा राहिला, त्याला हीच रीत कामी आली असं मला वाटतं. सलग यादी म्हणून त्या आठवणी कुणाच्याही डोक्यात टिकल्या नसत्या.

आपल्या शाळांना पाठांतराची दुसरी वाट जास्त ओळखीची आहे. ती कानाची. परवचा, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. दिवेलागणीला पोरं हेल काढून म्हणायची आणि साडेतीन गुणिले सात किती हे बाजारात उभ्या उभ्या सांगायची. वेदपाठशाळांतले पद, क्रम, जटा, घन हे पाठही कानाचेच, पण तिथेसुद्धा शुक्ल यजुर्वेदाचे विद्यार्थी स्वरांबरोबर हात हलवतात. म्हणजे कानाच्या जोडीला शरीर आहे. इंद्रधनुष्याचे रंग ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत, तीही कानाची युक्ती. आणि कुठला महिना एकतीसचा, कुठला तीसचा हे मुठीच्या उंचवट्यांवर आणि खळग्यांवर मोजणारं पोर? ते नकळत जागेची रीत वापरत असतं. त्याचा राजवाडा त्याच्या मुठीत मावतो.

आकड्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. आकडा दिसत नाही, म्हणून तो निसटतो. इंग्रजी वर्गांत यावर यमकांची यादी असते, वन-बन, टू-शू, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना ती तशीच पाठ करायला लावलेली मी पाहिली आहे. दोनचं आणि बुटाचं मराठीत यमक जुळत नाही, मग त्या यादीचा उपयोग काय? आपल्याकडे याहून भक्कम सोय होती, भूतसंख्यांची. आकडा न लिहिता त्या संख्येने जगात प्रसिद्ध असलेली वस्तू सांगायची. चंद्र म्हणजे एक, डोळे म्हणजे दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच, ऋतू सहा, ऋषी सात, वसू आठ, ग्रह नऊ, आकाश शून्य. भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष असंच नोंदवलं आहे: रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे पृथ्वी, एक. उजवीकडून डावीकडे वाचलं की शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. ज्योतिषी आणि गणिती शेकडो वर्षं असं लिहीत आले, कारण श्लोकात आकडा बसत नाही, बाण आणि चंद्र बसतात आणि डोळ्यांपुढेही येतात.

आजच्या मुलाला वसू माहीत नाहीत. हरकत नाही, त्याने त्याचे पदार्थ निवडावेत. शेजारच्या त्या मुलीची यादी अशी झाली: एक नाक, दोन डोळे, तीन ऑटोची चाकं, चार खाटेचे पाय, पाच बोटं, सहा म्हणजे सिक्सर, सात इंद्रधनुष्य, आठ कोळ्याचे पाय, नऊ नवरात्रातली माळ, शून्य बांगडी. आता पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था अमरावतीत काढली ते वर्ष १९३२. एकोणीसशे तर माहीतच आहे, राहिले बत्तीस. कॉलेजच्या फाटकासमोर ऑटो उभा, आणि त्या ऑटोला दोन मोठाले डोळे, तो पापण्या मिचकावतोय. खुद्द पंजाबरावांचा जन्म १८९८ चा, तर नवरात्राच्या माळेवर चढणारा कोळी. यात गंमत आहे आणि गंमत हीच त्यातली ताकद आहे. साधं, शहाणं चित्र टिकत नाही. हलणारं, विचित्र, प्रमाणाबाहेर मोठं चित्र टिकतं.

हे खरंच चालतं का, याची तपासणी झालेली आहे. मार्टिन ड्रेस्लर आणि सहकाऱ्यांचा २०१७ मधला प्रयोग बराच गाजला. सामान्य, स्पर्धांशी काही संबंध नसलेल्या प्रौढांना सहा आठवडे, रोज अर्धा तास, ही जागांची रीत शिकवली. ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी २६ च्या आसपास शब्द ज्यांना आठवत होते, त्यांना नंतर ६२ च्या आसपास आठवू लागले, आणि चार महिन्यांनीही बराचसा फायदा टिकून होता. त्याआधी २००३ मध्ये एलिनॉर मग्वायर यांनी स्मरणस्पर्धांत चमकणाऱ्या दहा जणांचे मेंदू तपासले. त्यांच्या बुद्धीत किंवा मेंदूच्या रचनेत वेगळं काही सापडलं नाही. दहापैकी नऊ जण जागांची रीत वापरत होते आणि आठवताना वाट-रस्ते सांभाळणारे मेंदूचे भाग जास्त काम करत होते. म्हणजे ते जन्माने वेगळे नव्हते, त्यांना चालायला वाट सापडली होती.

पण याच विज्ञानाची दुसरी बाजू वर्गांच्या जाहिरातीत येत नाही. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एका विद्यार्थ्याकडून दीड वर्षाहून जास्त काळ आकडे लक्षात ठेवण्याचा सराव करून घेतला. सुरुवातीला त्याला एका दमात सात आकडे आठवत. शेवटी एकोणऐंशी आठवू लागले. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, आणि गडी परत सहावर आला. सरावाने त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती. आकड्यांसाठी त्याने बसवलेली पद्धत पक्की झाली होती, इतकंच. तेव्हा ‘स्मरणशक्ती दुप्पट’ असं कुणी म्हटलं की पालकांनी विचारावं, कशाची दुप्पट? पत्त्यांचा क्रम लक्षात ठेवण्यात तरबेज झालेलं पोरगं म्हणून विज्ञानाच्या पेपरात तरबेज होत नाही. त्याला विज्ञानाच्याच गोष्टींची चित्रं करायला शिकवावं लागतं.

आणि याच दुकानांच्या ओळीत एक निखालस फसवणूकही बसलेली असते, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल कागदावरचा रंग ओळखतं, पुस्तक वाचतं, आणि टाळ्या वाजतात. नाकाच्या कडेने पट्टीखालून फट राहते आणि मूल तिथून बघत असतं. मंगळूरचे नरेंद्र नायक आणि महाराष्ट्रातले अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांनी हे वारंवार उघडं पाडलं आहे. मला यातला सर्वांत वाईट भाग पैशांचा वाटत नाही. त्या मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं, तेही आईबापांच्या कौतुकासाठी, आणि ते मूल कुणालाच खरं सांगू शकत नाही. चित्रं करून लक्षात ठेवण्याच्या प्रामाणिक विद्येला या प्रकाराच्या शेजारी बसावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

किती वयापासून शिकवावं? मायकेल प्रेस्ली यांनी सत्तरच्या दशकात मुलांवर यासंबंधी बरंच काम केलं. आठ वर्षांच्या मुलांना वाचता वाचता मनात चित्र करायला शिकवलं तर वाचलेली गोष्ट जास्त आठवते, असं त्यांना दिसलं. त्याहून लहान मुलांना मनातल्या मनात चित्र जुळवणं जड जातं, त्यांना कागदावर चित्र दिलेलं बरं. आपल्या हिशेबात म्हणजे तिसरी-चौथी ही योग्य वेळ. पहिली-दुसरीच्या पोरांना गाणी, टाळ्या, हातवारे पुरे आहेत. त्यांच्यामागे राजवाडा लावून देऊ नये.

वर्गात मात्र एक सावधगिरी हवी. ‘डोळे मिटा, काय दिसतं?’ असं विचारलं की काही मुलांना खरोखरच काही दिसत नाही. अंधार दिसतो. ती हट्टी नसतात, ढ नसतात. ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने २०१५ मध्ये या स्थितीला नाव दिलं, अफँटेसिया. अशी माणसं थोडी असली तरी चाळीसच्या वर्गात एखादं मूल असू शकतं. त्याला सगळ्यांसमोर उभं करून ‘सांग, कोणता रंग दिसतो’ असं विचारणं हा छळ आहे. त्यालाही वाट माहीत असते, कोणत्या वळणानंतर काय लागतं हे ते सांगू शकतं. त्याला चित्राऐवजी गोष्ट करू द्यावी: हापशीपाशी काय झालं, मग चक्कीपाशी काय झालं.

पाहणं हे डोळ्यांचंच काम आहे असा आपला समज असतो. तो तपासून घ्यायला अमरावती जिल्ह्यात दूर जावं लागत नाही. १८८१ मध्ये लोणी टाकळीला जन्मलेले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गमावून बसले. चौतीस वर्षांचं आयुष्य लाभलं, १९१५ मध्ये ते गेले. तेवढ्यात त्यांच्या नावावर सव्वाशेच्या वर लहानमोठे ग्रंथ आहेत, मराठीत, हिंदीत, संस्कृतात. दुसऱ्यांनी वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकायचं, आणि सांगायचं ते लेखकाने उतरवून घ्यायचं. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. जन्मांध माणसंसुद्धा जागेची, आकाराची, अंतराची आठवण मनात बांधू शकतात आणि तिचा वापर करतात, असं मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. अंध मुलांच्या शिक्षकांनी ही रीत सोडून देऊ नये. त्यांनी ती हाताने चाचपडलेल्या, पायाने मोजलेल्या, वासाने आणि आवाजाने ओळखलेल्या जागांवर बसवावी.

आता ही विद्या कुठे वापरू नये. अलेक्सांद्र लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने शेरेशेव्स्की नावाच्या माणसाचा कित्येक वर्षं अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्यावर छोटं पुस्तक लिहिलं. हा माणूस मॉस्कोच्या रस्त्यावर मनाने चालत जाई आणि शब्दांची चित्रं दारांशी, खिडक्यांशी, भिंतींशी ठेवत जाई. एकदा यादीतलं अंडं राहून गेलं. का, तर ते त्याने पांढऱ्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, जाताना दिसलंच नाही. मग त्याने पुढच्या वेळी चित्रं मोठी केली आणि उजेडात ठेवली. मुलांना हा किस्सा फार आवडतो, आणि यातून ती आपली चुकलेली चित्रं दुरुस्त करायला शिकतात. पण लुरियाने पुढे लिहिलेलं शिक्षकांसाठी आहे. त्या माणसाला कविता समजायला जड जाई. प्रत्येक शब्द वेगळं चित्र घेऊन येई आणि त्या गर्दीत ओळीचा अर्थ हरवून जाई.

म्हणून तालुके, सनावळ्या, हाडांची नावं, मूलद्रव्यांच्या संज्ञा, संस्कृतातली रूपं, इंग्रजी शब्दांचे अर्थ यांना चित्रं करावीत. ज्याला आतून काही धागा नाही, त्याला बाहेरून धागा द्यावा. पण पाऊस का पडतो, अपूर्णांकांचा भागाकार उलटा का करतात, कपाशीवर गुलाबी बोंडअळी का येते, अशा गोष्टींना स्वतःचाच धागा असतो. तिथे समजून घेणं हीच आठवण. अकोल्याच्या नीटच्या वर्गांत पोरं जीवशास्त्राची पानंच्या पानं लघुरूपांत पाठ करतात, आणि प्रश्न जरा फिरवून आला की हात हवेत राहतो. ती पानं समजण्याची होती.

दुसरं असं की एकदा ठेवलेलं चित्र आपोआप राहत नाही. घरी आल्यावर वही न उघडता आठवून पाहायचं, दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. वाचून काढण्यापेक्षा आठवून पाहण्याने टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरच दाखवून दिलं. वही समोर उघडी ठेवून पन्नास वेळा वाचणाऱ्या पोराला आपण अभ्यासू म्हणतो आणि वही मिटून छताकडे बघत बसलेल्याला टिवल्याबावल्या करतो म्हणून ओरडतो. पुष्कळदा खरं काम तो छताकडे बघणारा करत असतो.

हे सगळं जिल्हा परिषदेच्या शाळेत, एका पैशाच्या खर्चाशिवाय होऊ शकतं. अमरावतीच्या परकोटाच्या आत राहणाऱ्या मुलांना तर नऊ मुक्काम तयारच आहेत. पेंढाऱ्यांच्या भीतीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीत बांधलेल्या या तटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या: अंबा, भुसारी, नागपुरी, महाजनपुरी, खोलापुरी, आणि पटेल, छत्रपुरी, माता, खुनारी. एका सकाळी वर्गाला तटाकडेने फिरवून आणावं आणि नऊ गोष्टी नऊ ठिकाणी ठेवायला लावाव्यात. राजापेठेतल्या पोराला मात्र परकोट पायाखालचा नाही, त्याला त्याची गल्लीच द्यावी. मेळघाटातल्या पोराला पायवाट आणि ओढा.

आणि चौथी-पाचवीची सहल एकदा रिद्धपूरला न्यावी. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे, त्यामुळे शाळांना जायला निमित्त आहे. एकेका ओट्यापाशी पोरांना थांबवावं, तिथली लीळा तिथल्याच जाणत्या माणसाकडून ऐकवावी, वह्या मात्र पिशवीत ठेवायला सांगाव्यात. परतीच्या एसटीत एकेकाने एकेक लीळा सांगायची, पहिल्या ओट्यापासून. एखाद्याने वेगळं सांगितलं तर लगेच चूक म्हणून थांबवायचं नाही. कुणाला काय आठवलं ते शिक्षकांनी नावानिशी टिपून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दोन्ही आठवणी शेजारी शेजारी ठेवून कोणती बरोबर ते पोरांनाच ठरवायला लावायचं.